डॉक्टरांनी डॉक्टरांसाठी काढलेली वर्गणी: पार्श्वभूमी

वाण्याचं दुकान मालकामागे चालू राहतं, मुलगा गल्ल्यावर बसतो. दवाखान्याचं तसं नाही. डॉक्टर गेला की कमाई त्याच दिवशी बंद. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये तर बिलं बहुधा वर्षअखेरीला एकदाच पाठवायची रीत होती, त्यामुळे विधवेच्या हाती उरायची ती येणी लिहिलेली वही. त्यातली निम्मी येणी मागायला जावं तर माणसं हात वर करत. दवाखाना 'विकता' यायचा, म्हणजे रुग्णांसकट दुसऱ्या डॉक्टरच्या हवाली करता यायचा. पण गिऱ्हाईक ठरेपर्यंत रुग्ण पांगत आणि रोज थोडी किंमत उतरे. त्यात टायफसचा ताप. तो रुग्णाकडून डॉक्टरला लागायचा आणि ऐन उमेदीतला माणूस न्यायचा. आयर्लंडच्या दुष्काळात 1847 च्या सुमारास इतके डॉक्टर गेले की डब्लिनच्या कुसॅक आणि स्टोक्स या दोन डॉक्टरांनी त्या मृत्यूंची मोजदाद करून ती छापली.

या अडचणीवर पहिला संघटित तोडगा लंडनमध्ये 1788 साली निघाला. वैद्यकव्यवसायींच्या विधवा व अनाथांसाठी एक संस्था स्थापन झाली. तत्त्व सोपं होतं: जिवंतपणी वर्गणी भरा, मागे कुटुंबाला मदत मिळेल. मदत फक्त सभासदांच्या घरच्यांना. हिशेबाच्या दृष्टीने ही चोख व्यवस्था, पण तिची खोट पहिल्याच पायरीवर होती. नियमित वर्गणी भरू शकणारा डॉक्टर मुळात बऱ्यापैकी कमावणारा असायचा. खेड्यातला, गरिबांच्या दवाखान्यात तुटपुंज्या पगारावर राबणारा डॉक्टर वर्गणी भरतच नसे, आणि दारात भीक मागायची वेळ यायची ती त्याच्याच बायकोवर.

पुढची पायरी खेड्यापाड्यांतल्या, छोट्या शहरांतल्या डॉक्टरांनीच गाठली. इंग्लंडमधल्या वूस्टरला 1832 साली चार्ल्स हेस्टिंग्ज या डॉक्टरच्या पुढाकाराने प्रांतिक डॉक्टरांची संघटना उभी राहिली. हीच 1856 पासून ब्रिटिश मेडिकल असोसिएशन. तिच्यातून 1836 साली वैद्यकीय सहाय्यता निधी निघाला. इथे सभासदत्वाची अट सैल झाली: गरज दिसली की मदत, मग त्या माणसाने पूर्वी पैसे भरलेले असोत वा नसोत. आयर्लंडमध्ये असाच निधी 1842 साली उभा राहिला. हा बदल वाटतो त्याहून मोठा आहे. पहिल्या संस्थेत कुटुंब हक्काने मागत होतं, दुसरीत ते अर्जदार झालं. अर्ज आला की चौकशी आली: मयताला दारूचं व्यसन होतं का, भाऊ सांभाळू शकतो का. स्थानिक डॉक्टरची शिफारस लागायची, आणि तोच कित्येकदा मयताचा जुना प्रतिस्पर्धी असायचा.

सर्वांत महत्त्वाकांक्षी प्रयोग जॉन प्रॉपर्ट या डॉक्टरचा. लंडनजवळच्या एप्सम इथे 1855 साली रॉयल मेडिकल बेनेव्होलंट कॉलेज सुरू झालं, उद्‌घाटनाला राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट आले. शंभर वृद्ध डॉक्टर वा विधवांना निवारा, आणि डॉक्टरांच्या शंभर मुलांचं मोफत शिक्षण, असा बेत होता. मुलगे म्हणजे मुलगेच; मुलींचा विचार नव्हता. लाभार्थी ठरायचे ते देणगीदारांच्या मतदानाने. तेव्हाच्या धर्मादाय संस्थांची ही सर्रास पद्धत: गिनीच्या, म्हणजे एकवीस शिलिंगांच्या पटीत मतं मिळायची. मग विधवेने काय करायचं? देणगीदारांची यादी मिळवायची, स्वतःच्या दुर्दशेची कार्डं छापून घ्यायची, प्रत्येकाला पत्र लिहून मत मागायचं, टपालखर्च पदरचा. जिचे ओळखीचे जास्त तिची मतं जास्त, मग गरज कितीही कमी का असेना. 1870 च्या दशकात या मतदानाविरुद्ध इंग्लंडात चळवळच झाली. एप्समचं वृद्धांचं काम पुढे मागे पडलं आणि शाळा फी घेणारी नामांकित शाळा झाली. अशा वास्तूंचं बहुधा असंच होतं: इमारतीला खर्च रोजचा, देणग्या मात्र लहरीवर.

1914 साली बेल्जियममधल्या डॉक्टर आणि औषधविक्रेत्यांसाठी ब्रिटिश डॉक्टरांनी निधी जमवला, म्हणजे 'आपल्यातला' हा शब्द देशाबाहेर गेला. खरी उलथापालथ मात्र 1948 ची. ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा आली, दवाखान्याची 'गुडविल', म्हणजे जमलेले रुग्ण, विकायला बंदी झाली, त्याबदल्यात सरकारने भरपाई ठेवली आणि विधवेला पेन्शनची सोय झाली. निधी बंद पडले नाहीत. आज त्यांच्याकडे आजारपणाने वा मानसिक त्रासाने काम सुटलेले डॉक्टर आणि अडचणीतले वैद्यकीय विद्यार्थी येतात.

भारतात 1928 साली कोलकात्यात इंडियन मेडिकल असोसिएशन स्थापन झाली. पुढे तिच्या राज्य शाखांनी उभ्या केलेल्या सामाजिक सुरक्षा योजना 1788 च्या वळणावर गेल्या: सभासदाचा मृत्यू झाला की बाकी सगळे ठरावीक बंधुत्व-वर्गणी भरतात. समजा, दहा हजार सभासद आणि मृत्यूमागे दोनशे रुपये, तर कुटुंबाला वीस लाख. प्रवेश फी वयाप्रमाणे चढत जाते आणि सुरुवातीच्या काही काळात मृत्यू झाल्यास पूर्ण रक्कम मिळत नाही. नाहीतर आजार कळल्यावरच लोक नाव नोंदवतील.

बिघडतं कुठे? सभासद म्हातारे होत जातात. वर्षाला तीस मृत्यू असताना सहा हजार भरणारा, साठ झाल्यावर बारा हजार भरतो. तरुण डॉक्टरला तेवढ्यात टर्म इन्शुरन्स स्वस्त पडतो, तो बाहेर पडतो, आणि उरलेल्यांवरचा भार आणखी वाढतो. म्हणून वर्षाची रक्कम आगाऊ घेणं आणि राखीव निधी ठेवणं हे दोन उपाय करावे लागतात. कोविडच्या काळात एकदम मृत्यू वाढले तेव्हा राखीव निधीचं मोल कळलं. केंद्राचं 50 लाखांचं विमा कवच होतं, पण खासगी दवाखान्याच्या डॉक्टरबाबत सरकारने त्याची सेवा मागवली होती का, यावर वाद कोर्टात गेले. त्या दिवसांत बऱ्याच घरांत शोधाशोध चालली ती एका कागदाची: नॉमिनीचा फॉर्म. काही फॉर्मांवर लग्नाआधी लिहिलेलं आईचं नाव तसंच होतं.