होळी ते आखाजी : खान्देशातल्या हौशी निसर्ग छायाचित्रणाची पार्श्वभूमी

खान्देशात वसंत फार दिवस मुक्काम करत नाही. होळी पेटते तेव्हा पळस ऐन भरात असतो आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला झोके बांधले जातात तेव्हा पाऱ्याने चाळिशी केव्हाच ओलांडलेली असते. मधले सहा-सात आठवडे काय ते आपले. या दिवसांत जळगावला मेहरूण तलावाच्या काठी, धुळ्याला नकाणे तलावाच्या बाजूला आणि गावोगावच्या नगरपालिकेच्या बागांमध्ये सकाळी सातच्या आत गळ्यात कॅमेरा अडकवलेली माणसं दिसतात. कुणी शिक्षक, कुणी बँकेतला, कुणी केळीचा बागायतदार, कुणी कॉलेजचा पोरगा. पोटासाठी कुणीच आलेलं नसतं. हा छंद गेल्या पंधरा-वीस वर्षांतला वाटतो, पण या भागात त्याची मुळं दीडशे वर्षांहून मागे जातात आणि तिथे आधी बंदूक भेटते, मग कॅमेरा.

1818 नंतर खान्देश इंग्रजांच्या ताब्यात आला. सातपुड्याच्या पायथ्याचं दाट रान तेव्हा वाघांनी भरलेलं होतं. 1825 मध्ये भिल्ल पलटण उभी करायला आलेला जेम्स औट्रम वाघाच्या शिकारीसाठीही तेवढाच प्रसिद्ध झाला. आपल्या सीमेला लागून असलेली अजिंठ्याची लेणी 1819 मध्ये जॉन स्मिथ या अधिकाऱ्याच्या नजरेला पडली, तीही शिकारीच्या निमित्ताने. जंगल बघायचं ते मारण्यासाठी, हीच त्या काळच्या साहेबाची रीत होती.

त्याच अजिंठ्यामुळे कॅमेरा इकडे आला. मद्रास फौजेतल्या रॉबर्ट गिलला 1844 मध्ये लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करण्याचं काम मिळालं. त्याने वर्षानुवर्षं खपून केलेल्या बहुतेक नकला 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या. मात्र 1850 च्या दशकातच तो छायाचित्रणाकडे वळला होता आणि 1864 साली त्याच्या दुहेरी, म्हणजे स्टिरिओ छायाचित्रांचं पुस्तक लंडनला निघालं. त्या पुस्तकाच्या नावातच पश्चिम भारताच्या स्थापत्याबरोबर इथल्या निसर्गाचाही उल्लेख आहे. आपल्या भागातला निसर्ग कॅमेऱ्यात पकडण्याच्या सगळ्यात जुन्या प्रयत्नांपैकी हा एक. गिल 1879 मध्ये भुसावळला वारला. त्याची कबर तिथेच आहे.

त्या काळचं तंत्र डोळ्यांपुढे आणायला हवं. काचेच्या पट्टीवर रसायन पसरायचं, पट्टी ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, काही सेकंद प्रकाश पडू द्यायचा आणि ती सुकायच्या आत अंधाऱ्या तंबूत धुवायची. वैशाखात आपल्याकडे ओला रुमाल दोन मिनिटांत सुकतो. अशा हवेत लेण्यातली मूर्ती टिपता येत होती, झाड टिपता येत होतं, फांदीवरचं पाखरू मात्र हाती लागणं शक्य नव्हतं. पक्ष्याची नोंद ठेवायची तर तो मारून, पेंढा भरून, पायाला चिठ्ठी बांधून ठेवायचा, हाच एक मार्ग होता.

ही चिठ्ठी पुढच्या सगळ्या कथेचा कणा आहे. जेम्स डेव्हिडसन नावाचा मुलकी सेवेतला अधिकारी 1880 च्या सुमारास खान्देशात होता. पश्चिम खान्देशातल्या पक्ष्यांची त्याने केलेली यादी पक्षीतज्ज्ञ ॲलन ह्यूम यांच्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात आली. शहादा-तळोदा भागातून त्याने रानपिंगळ्याचे, म्हणजे रानातल्या एका छोट्या घुबडाचे, नमुने गोळा केले. हा पक्षी ह्यूम यांनी 1873 मध्ये शास्त्राला नवा म्हणून नोंदवला होता. 1884 नंतर तो पुन्हा कुणाला दिसला नाही. जगभरच्या संग्रहालयांत त्याचे मोजून सात नमुने उरले, आणि मधल्या काळातले दिसल्याचे दावे तपासाअंती साध्या पिंगळ्याचे निघाले.

त्या सातांपैकी एका नमुन्याच्या चिठ्ठीवर 1914 हे साल आणि गुजरातेतल्या मांडवीचं नाव होतं. देणारा होता रिचर्ड माइनर्ट्‌झहागन, त्या काळचा मोठा संग्राहक. पुढे पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो नमुना बारकाईने तपासला तेव्हा कळलं, की तो डेव्हिडसननेच गोळा केलेला होता. संग्रहालयातून चोरून, पुन्हा शिवून, खोटी चिठ्ठी लावून तो परत दिला गेला होता. खोट्या ठिकाणाची आणि सालाची नोंद बाजूला सारली तेव्हा शोधाची दिशा आपोआप डेव्हिडसनच्या जुन्या जागांकडे वळली. 25 नोव्हेंबर 1997 रोजी रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना शहाद्याजवळ रानपिंगळा दिसला. नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 ला झाला, म्हणजे तेव्हा हा सगळा भाग धुळे जिल्ह्यातच होता. या वेळी पक्षी मारावा लागला नाही. त्याचं चित्रण झालं आणि 113 वर्षांनी तो जिवंत असल्याचा पुरावा म्हणून जगाने ते मानलं. पुढे तोरणमाळच्या जंगलातही तो सापडला.

खान्देशात कॅमेरा घेऊन फिरणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट ठाऊक असावी असं मला मनापासून वाटतं. फोटो किती सुंदर आला यापेक्षा तो कुठे आणि कधी काढला हे खरं लिहिलेलं असणं जास्त मोलाचं असतं, याचा इतका ठळक दाखला दुसरीकडे सहज मिळणार नाही. आणि तो आपल्या मातीतला आहे.

सामान्य माणसाच्या हाती कॅमेरा बऱ्याच उशिरा आला. 1960-70 च्या दशकांत ज्या घरात कॅमेरा असे तिथे तो बहुधा आग्फा क्लिक-थ्री असे. 120 च्या रोलवर बारा फोटो. लग्न, बारसं, सप्तशृंगीची वारी यातच ते संपत. शिवाय त्या कॅमेऱ्याने वीस फुटांवरचा बुलबुल म्हणजे कागदावर एक ठिपका. फुलं, झाडं, डोंगर एवढंच त्यातून साधत असे. छत्तीस फोटोंचे 35 मिमी रोल आल्यावर थोडी मोकळीक मिळाली, पण लांब पल्ल्याची लेन्स स्टुडिओवाल्याकडेही क्वचितच असे आणि प्रत्येक खटक्याला पैसे पडत. पाखरांचा नाद या हिशेबात बसणं अवघडच होतं.

हा हिशेब डिजिटल कॅमेऱ्याने मोडला. 2003 मध्ये कॅननचा 300डी आला आणि लेन्स बदलता येणारा डिजिटल कॅमेरा हौशी माणसाच्या आवाक्याकडे सरकला. तरीही वेगळी लांब लेन्स म्हणजे अनेकांच्या कित्येक महिन्यांचा पगार. छोट्या शहरांतल्या हौशी लोकांसाठी खरा फरक पडला तो एकाच जोडलेल्या लेन्सच्या मोठ्या झूमवाल्या कॅमेऱ्यांनी. 2015 चा निकॉन पी900 हा 83 पट झूमचा कॅमेरा त्यातला सगळ्यांच्या ओळखीचा. तलावाच्या पलीकडच्या काठावरचा खंड्या घरबसल्या ओळखता येईल एवढा मोठा दिसू लागला. आता मोबाइल आहेतच. फुलपाखरं आणि फुलांसाठी ते पुरतातही.

पण हे सगळं बागेतच का? यावल, अनेर ही अभयारण्यं आपल्याकडे आहेत, हतनूर जलाशय आहे. हिवाळ्यात सगळे हतनूरला धावतात. तिथली पाहुणी बदकं मार्चमध्ये परतीला लागतात. अभयारण्यात जायचं तर परवानगी, अंतर आणि दिवसभराची सवड लागते, आणि दिवसभर उन्हात राहवत नाही. त्यातच फेब्रुवारी संपता संपता पांझरा नदीचं पात्र कोरडं पडतं, शिवारातली दादर, म्हणजे रब्बी ज्वारी, कापून होते. ज्या जागी रोज नळी सोडून पाणी घातलं जातं ती जागा म्हणजे शहरातली बाग. पाखरं तिथे येतात ती पाण्याला आणि सावलीला, आणि त्यांच्यामागे कॅमेरे. दादरीच्या कणसांवर उतरणारे भोरड्यांचे, म्हणजे गुलाबी मैनांचे थवे याच दिवसांत काटेसावरीच्या, पांगाऱ्याच्या आणि पळसाच्या फुलांवर दिसतात. एप्रिलमध्ये तेही निघून जातात. रावेर-यावलकडे तर बागेचीही गरज नाही. केळफुलाच्या लालसर पाकळीखाली लटकून मध पिणारा जांभळा शिंजीर बांधावर उभं राहूनही टिपता येतो. विणीच्या हंगामातला त्याचा निळा-जांभळा झळाळ नऊच्या आतल्या तिरप्या उन्हात उठून दिसतो. नऊनंतर जमिनीवरची हवा तापून हलू लागते आणि लांब लेन्समधून पिसांची कड विरघळल्यासारखी दिसते. कितीही महागडा कॅमेरा असो, त्यावर इलाज नाही.

या हंगामाचा बागेतला खरा मानकरी तांबट. तो दिसायच्या आधी ऐकू येतो, टुक टुक टुक, एकसारखा. आवाज काढताना त्याची चोच मिटलेली असते. प्रत्येक टुकला गळा फुगतो आणि डोकं थोडं इकडे, थोडं तिकडे वळतं, म्हणून आवाज नेमका कुठून येतोय ते कळत नाही. नर-मादी दोघं मिळून शेवग्याच्या, पांगाऱ्याच्या किंवा गुलमोहराच्या वाळक्या फांदीत ढोली कोरतात, तीही बहुधा फांदीच्या खालच्या बाजूला. आतून लाकडाचा भुसा चोचीत आणून बाहेर टाकताना तो दर थोड्या वेळाने तोंड बाहेर काढतो. कपाळ लाल, डोळ्याभोवती पिवळं, चोचीला भुशाचे कण चिकटलेले. असा फोटो मिळवायला जंगल लागत नाही, बाकावर बसून राहण्याची तयारी लागते.

इथेच या छंदाचं अवघड वळण येतं. वसंत म्हणजे विणीचा हंगाम, आणि घरट्याजवळ फोटो सोपा मिळतो, कारण पक्षी तिथे परत येणारच असतो. म्हणून लोक फांद्या बाजूला सारतात, पानं खुडतात, पिल्लांवर फ्लॅश मारतात. आडोसा गेला की कावळा आणि ऊन दोघांनाही घरटं सापडतं. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 मधल्या शिकारीच्या व्याख्येत संरक्षित पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना धक्का लावणंही येतं. म्हणजे औट्रमच्या बंदुकीसाठी जो शब्द, तोच कायद्याने अशा वागण्यालाही लावला आहे. मला तो योग्य वाटतो. घरट्याचा फोटो काढूच नये आणि कुणी काढला तर त्याला शाबासकी देऊ नये, या मताचा मी आहे.

गेल्या दहा-बारा वर्षांत फोटोचा वापरही बदलत गेला. 2013 पासून फेब्रुवारीतली जागतिक परसबाग पक्षीगणना भारतातही होते आणि ई-बर्डसारख्या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर तारीख, जागा, संख्या आणि हवा तर फोटो देता येतो. डेव्हिडसनने घोड्यावरून फिरण्याच्या काळात जी यादी केली तसलीच यादी आज मेहरूणच्या काठी सकाळी तासभर चालणारा माणूस करू शकतो, एकही पक्षी न मारता. पळस कोणत्या आठवड्यात फुलला, भोरड्या शेवटच्या कधी दिसल्या, तांबटाने ढोली केव्हा कोरायला घेतली, या साध्या नोंदी दहा वर्षं सलग राहिल्या तर आपल्या उन्हाळ्याबद्दल त्या खूप काही सांगतील.

त्यांचा लगेच होणारा एक उपयोगही आहे. पावसाळ्यापूर्वीची झाडांची छाटणी एप्रिल-मेमध्ये होते आणि पहिली कुऱ्हाड पडते ती वाळक्या फांद्यांवर. तांबटाची ढोली नेमकी तिथेच असते. घरट्याचं ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नये, पण उद्यान विभागाला ते माहीत असायला हवं, आणि तेही छाटणीचं वेळापत्रक ठरायच्या आत, मार्चअखेर. त्यासाठी घरट्याच्या जवळ जायची गरज नाही. लांबून घेतलेला झाडाचा एक साधा फोटो, त्यावर फांदीची खूण, झाडाचं नाव आणि तारीख, एवढं पुरतं.