फोनने तोल मोजताना

अजिबात न हलता उभं राहणं कुणालाच जमत नाही. शरीराचा गुरुत्वमध्य ओटीपोटाच्या आसपास, म्हणजे जमिनीपासून जवळपास मीटरभर उंच, आणि खाली आधार काय, तर दोन पावलांपुरती जागा. म्हणून आपण सतत किंचित पुढे झुकतो, पोटरीचे स्नायू मागे ओढतात, पुन्हा झुकतो. हे डुलणं मोजायला प्रयोगशाळेत फोर्स प्लेट नावाची महागडी पाटी असते. तिच्यावर उभं राहिलं की तळपायाखालचा दाब कसा सरकतो ते कळतं. आता त्यातलं बरंचसं काम खिशातला फोन करू शकतो.

फोन आडवा धरला की स्क्रीन फिरते, ती ॲक्सेलरोमीटर या त्वरण मोजणाऱ्या चिपमुळे. त्यात सिलिकॉनचा एक सूक्ष्म तुकडा सिलिकॉनच्याच लवचीक पट्ट्यांवर टांगलेला असतो. फोन हलला की तो जरा मागे राहतो आणि तेवढ्याने शेजारच्या पट्टिकांमधली विद्युत धारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, बदलते. जोडीला जायरोस्कोप असतो, तो फोन किती वेगाने वळतोय ते सांगतो.

आपल्या अंतर्कर्णातही अशीच जोडी आहे. कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक स्फटिक एका चिकट थरावर बसलेले असतात. डोकं कललं की ते घसरतात आणि थराखालच्या पेशींचे केसासारखे तंतू वाकतात. वळणं टिपायला एकमेकींना काटकोनात असलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका आहेत.

गंमत म्हणजे दोघांची अडचणही एकच. फोन १ अंशाने कलला तर गुरुत्वाकर्षणाचा साधारण ०.१७ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढा वाटा आडव्या दिशेला दिसू लागतो. फोन सरळच राहून तेवढ्या त्वरणाने सरकला तरी आकडा तोच येतो. कलला की सरकला, हे एकट्या ॲक्सेलरोमीटरला ठरवता येत नाही. रात्री विमान वेग घेत वर निघालं, बाहेर काही दिसत नसलं, की वैमानिकाला नाक भलतंच वर गेल्याचा भास होतो तो यामुळेच. त्या भासावर विश्वास ठेवून नाक खाली दाबल्याने अपघातही झाले आहेत. अशा वेळी तोल मोजणारं फोनमधलं ॲप जायरोस्कोपची साक्ष काढतं, मेंदू नलिकांची आणि डोळ्यांची.

तोलाची चाचणी मात्र जुनीच. १८४०च्या दशकात बर्लिनचे डॉक्टर मोरित्झ रोमबेर्ग यांनी नोंदवलं, की मज्जारज्जूच्या एका आजारात रुग्ण डोळे उघडे असताना बरा उभा राहतो, पण डोळे मिटले की झुलू लागतो. कारण तोल तीन ठिकाणच्या माहितीवर चालतो: डोळे, अंतर्कर्ण आणि पायाच्या स्नायू-सांध्यांतून येणारी जाणीव. तिसरी बिघडली की सगळा भार डोळ्यांवर येतो. पावलं जुळवून आधी डोळे उघडे, मग मिटून उभं राहायचं. डॉक्टर नजरेने जोखत, फोन आकडा देतो. फोन हातात नको, हाताचा कंप मिसळतो. पाठीच्या खालच्या भागाला पट्ट्याने घट्ट बांधलेला बरा. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं फायफॉक्स हे मोफत ॲप कच्चा आलेख दाखवतं.

'तुमचा तोल शंभरपैकी अमुक' असं सांगणाऱ्या ॲपवर माझा फारसा भरवसा नाही. कमी डुलणं म्हणजे चांगला तोल असंही नाही. उंच कठड्याशी उभा राहिलेला माणूस भीतीने ताठरतो आणि उलट कमीच डुलतो. खरी माहिती मिळते ती तुलनेतून: तोच माणूस, तोच फोन, तीच जागा, डोळे उघडे आणि मिटलेले. आणि हे भिंतीजवळ, शेजारी कुणी असतानाच करावं.

ॲपलने २०२१ साली आयफोनमध्ये आणलेली सोय मला जास्त शहाणपणाची वाटते. ती उभं राहायला सांगतच नाही. फोन खिशात असताना चालण्याचा वेग, पावलाची लांबी, दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवर राहण्याचा काळ यांवरून पडण्याचा धोका जोखते.

अर्थात साधं घड्याळही पुष्कळ सांगतं. ५१ ते ७५ वयाच्या १,७०२ लोकांचा ब्राझीलमधला अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. एका पायावर १० सेकंद उभं राहायचं, एवढीच चाचणी. साधारण पाचातल्या एकाला ते जमलं नाही, आणि वय, आजार वगैरे हिशेबात धरूनही पुढच्या काही वर्षांत त्यांच्यातला मृत्यूचा धोका ८४ टक्क्यांनी जास्त निघाला. एका पायावर उभं राहण्याचा सराव केला की आयुष्य वाढतं, असा याचा अर्थ नव्हे. न जमलेल्यांत मधुमेहाचं प्रमाण जवळपास तिप्पट होतं, आणि जुना मधुमेह तर तळपायाच्या नसाच बधिर करतो.