थुंकी, शिवण आणि १९०४ चा हंगाम

२०२५ च्या आयपीएलआधी बीसीसीआयने चेंडूला थुंकी लावण्यावरची बंदी उठवली आणि एक जुना गैरसमज पुन्हा फिरू लागला : थुंकीने चेंडूची एक बाजू जड होते, म्हणून तो वळतो. हे साफ चूक आहे. जवळपास १६० ग्रॅमच्या चेंडूवर थुंकीच्या एका बोटाचं वजन ते किती? थुंकीचा परिणाम वजनातून होत नाही, पृष्ठभागातून होतो. क्रिकेटपटू थुंकी लावून चेंडूची एक बाजू घासून चकचकीत ठेवतात. अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये मात्र तिचा उपयोग अगदी निराळा होता. तो समजून घ्यायचा तर १९०४ चा हंगाम पाहावा. माझ्या मते विज्ञानाची आवड असणाऱ्या कुणालाही हा हंगाम माहीत असायला हवा.

बेसबॉलचा पिचर सुमारे साडेअठरा मीटरवरून चेंडू फेकतो. चेंडू टप्पा घेत नाही, त्यामुळे जी काही करामत करायची ती हवेतच. १९०४ साली न्यूयॉर्क हायलँडर्स संघाच्या (हेच पुढे यांकीज झाले) जॅक चेस्ब्रोने ५१ सामन्यांत पहिल्यापासून चेंडू फेकले, त्यांतले ४८ शेवटपर्यंत एकट्याने टाकले आणि हंगामात एकूण ४१ विजय मिळवले. इतके विजय त्यानंतर आजवर एकाही पिचरला एका हंगामात मिळालेले नाहीत. त्याचं अस्त्र होतं स्पिटबॉल. पहिली दोन बोटं थुंकीने ओली करायची, अंगठा कोरडा ठेवायचा. चेंडू बोटांतून सुटतो तो सीताफळाची बी चिमटीतून सटकावी तसा, जवळजवळ न फिरता. त्या काळी हे नियमाला धरून होतं.

न फिरण्यात एवढं काय आहे? त्याचं उत्तर ज्या कल्पनेत आहे ती त्याच वर्षी, तोच हंगाम चालू असताना जर्मनीत मांडली गेली. ऑगस्ट १९०४ मध्ये हायडेलबर्गच्या गणितज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत २९ वर्षांच्या लुडविग प्रांटलने एक छोटासा निबंध वाचला. त्याचं म्हणणं असं : वस्तूच्या अगदी पृष्ठभागावरची हवा वस्तूलाच चिकटलेली असते. थोडं दूर गेलं की ती पूर्ण वेगाने वाहते. या दोहोंमधला अतिशय पातळ थर म्हणजे सीमास्तर. घर्षणाचा सगळा खेळ या थरात चालतो, बाहेरच्या हवेत घर्षण नाही असं धरलं तरी चालतं.

आता चेंडूभोवती पाहू. समोरून आलेली हवा चेंडूच्या सर्वांत रुंद भागापर्यंत वेग घेते आणि तिथे दाब कमी होतो. पुढे, मागच्या अर्ध्या भागावर, दाब पुन्हा वाढू लागतो. म्हणजे हवेला चढावर जायचं आहे, आणि सीमास्तरातली हवा तर घर्षणाने आधीच थकलेली. एका जागी ती थांबते, उलटी फिरते आणि थर चेंडूपासून सुटतो. त्यामागे भोवऱ्यांची शेपटी तयार होते. हा थर दोन्ही बाजूंनी सारख्याच जागी सुटला तर शेपटी सरळ राहते. एका बाजूला उशिरा सुटला तर शेपटी दुसऱ्या बाजूला झुकते, आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमाने चेंडूला तिच्या उलट दिशेने ढकललं जातं.

नेहमीच्या वेगवान चेंडूला पिचर उलटी फिरकी देतो. त्यामुळे चेंडूचा वरचा पृष्ठभाग हवेच्या दिशेने सरकतो, तिथला थर कमी थकतो आणि उशिरा सुटतो. खालचा पृष्ठभाग हवेच्या विरुद्ध जातो, तिथला थर लवकर सुटतो. शेपटी खाली झुकते, चेंडूला वर आधार मिळतो. ताशी १४० किलोमीटरने निघालेला चेंडू बॅटरपर्यंत पोचायला अर्ध्या सेकंदाहून थोडा कमी वेळ घेतो. निव्वळ गुरुत्वाकर्षणाने तो तेवढ्यात जवळपास एक मीटर खाली येईल. उलटी फिरकी त्यातले ३०-४० सेंटीमीटर वाचवते. बॅटरची नजर याच मार्गाला सरावलेली असते. स्पिटबॉलमध्ये हाताची हालचाल तीच, पण फिरकी नाही, म्हणून आधारही नाही. चेंडू बॅटखालून निघून जातो. बॅटची जाडी जेमतेम सात सेंटीमीटर!

शिवणीचं प्रकरण याहून सुंदर आहे. प्रांटलने १९१४ मध्ये गुळगुळीत गोळ्यावर बारीक तारेचं कडं बसवलं आणि हवेचा अडथळा चक्क कमी झाला. तारेने सीमास्तर खळबळता झाला होता. खळबळत्या थरात बाहेरची वेगवान हवा आत मिसळते, म्हणून तो जास्त वेळ चिकटून राहतो. (वेग, आकार आणि हवेचा चिकटपणा यांवरून प्रवाह खळबळेल की नाही हे सांगणारा आकडा म्हणजे रेनॉल्ड्स अंक. ताशी १४० किलोमीटरला बेसबॉलचा हा अंक सुमारे दोन लाख असतो. गुळगुळीत गोळ्याचा थर एवढ्यावर आपोआप खळबळत नाही.) बेसबॉलवर हे काम शिवणीचे २१६ टाके करतात. चेंडू भरभर फिरत असेल तर शिवणीचा परिणाम सर्व बाजूंना वाटला जातो. जवळजवळ स्थिर असेल तर शिवण एका बाजूला राहते आणि चेंडू त्या मानाने सरकतो. उडताना अर्धा-पाऊण फेरा झाला तर सरकण्याची दिशाही बदलते. १९७५ मध्ये ट्यूलेन विद्यापीठाच्या वॉट्स आणि सॉयर यांनी वातबोगद्यात हे बल मोजून दाखवलं.

गैरसमज थुंकीपुरतेच नाहीत. क्रिकेटचे समालोचक 'आज हवा दमट, म्हणजे जड, म्हणून चेंडू वळतोय' असं बिनधास्त सांगतात. दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी असते. पाण्याच्या रेणूचं वजन १८, नायट्रोजनचं २८, ऑक्सिजनचं ३२. दहावीच्या पुस्तकावर हे तपासता येतं, तरी वर्षानुवर्षं तेच ऐकवलं जातं याचा मला मनापासून राग येतो.

ओल्या बोटांची एक किंमतही असते. सुटण्याच्या कोनात एका अंशाची चूक झाली तर बॅटरपाशी ती सुमारे ३० सेंटीमीटरची होते. १० ऑक्टोबर १९०४, हंगामाचा अखेरचा दिवस. विजेतेपदासाठी न्यूयॉर्कला बॉस्टनविरुद्धचे दोन्ही सामने जिंकणं भाग होतं. पहिल्या सामन्यात नववी, म्हणजे शेवटची इनिंग, २-२ बरोबरी, बॉस्टनचा लू क्रिगर तिसऱ्या बेसवर, म्हणजे धाव पूर्ण व्हायला एकच टप्पा बाकी. चेस्ब्रोचा चेंडू बॅटरमागच्या कॅचरच्या डोक्यावरून गेला, क्रिगरने धाव पूर्ण केली. बॉस्टन ३-२ ने जिंकलं आणि विजेतेपदही त्यांचंच झालं.

१९२० मध्ये स्पिटबॉलवर बंदी आली. त्यावरच पोट असलेल्या १७ पिचरांना सूट मिळाली, त्यांतला शेवटचा बर्ली ग्राइम्स १९३४ पर्यंत खेळला. कमी फिरकीवर मात्र कुणी बंदी घालू शकत नव्हतं. नकलबॉल टाकणारे कोरड्या बोटांच्या टोकांनी चेंडू ढकलतात आणि तोच परिणाम साधतात. त्यावर फिल नीक्रोने १९८७ पर्यंत ३१८ सामने जिंकले.