युरेनियम मिश्रधातूचं इंधन : हीट ट्रीटमेंट आणि फेज बदल

धातूरूपातल्या अणुइंधनात कुठला फेज (म्हणजे अणूंची कुठली मांडणी) राहणार हे नुसतं त्यात काय मिसळलंय यावर ठरत नाही, ते ओतलं कसं, रोलिंग किती तापमानाला झालं आणि थंड किती वेगानं झालं यावरपण ठरतंय. बेळगावच्या उद्यमबागेत भट्टीवर काम केलेल्याला हे वेगळं सांगायला नको, फक्त स्टीलचा हिशोब इथं जशाच्या तसा लावू नये.

शुद्ध युरेनियम ६६८ अंश सेल्सिअसपर्यंत अल्फा, तिथनं ७७५ पर्यंत बीटा आणि वर वितळेपर्यंत (११३० च्या थोडं पुढं) गॅमा. खरा त्रास अल्फाचा. त्याचा स्फटिक तिन्ही दिशांना सारखा नाही, त्यामुळं अणुभट्टीत विखंडन (अणू दुभंगणं) सुरू झालं की धातूतला प्रत्येक कण (बारीक स्फटिक) एका दिशेला लांबतो आणि दुसऱ्या दिशेला आखडतो, आणि कमी तापमानाला रोल केलेल्या रॉडमध्ये बरेच कण एकाच बाजूला तोंड करून बसलेले असतात म्हणून अख्खा रॉडच लांबत जातो. उपाय म्हणजे बीटा क्वेंचिंग : बीटापर्यंत तापवायचं आणि पाण्यात किंवा तेलात बुडवायचं. स्टीलला आपण कडकपणासाठी पाणी पाजतो, इथं कणांची रांग मोडायला.

मुंबईच्या सायरस आणि ध्रुव या अणुभट्ट्यांत असंच धातूचं युरेनियम वापरलं गेलं. आपल्या जवळच्या कैग्याच्या अणुवीज केंद्रात मात्र इंधन युरेनियम ऑक्साइडच्या गोळ्यांचं, म्हणजे ही भानगड तिथल्या इंधनाला लागू नाही, पण गोळ्या ज्या झिर्कॅलॉयच्या (झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या) नळ्यांत भरतात त्या धातूलाही अल्फा-बीटा बदल असतोच की.

दुसरा रस्ता म्हणजे गॅमाच खाली टिकवून धरायचा. त्याचा स्फटिक घनाकार, फुगला तरी सगळीकडं सारखा. त्यासाठी वजनानं ७ ते १० टक्के मॉलिब्डेनम घालतात. साधारण ५६० अंशांच्या खाली हा गॅमासुद्धा खरं तर स्थिर नाही, हळूहळू फुटून अल्फा आणि यू२मो (युरेनियम-मॉलिब्डेनमचं संयुग) होतो, पण १० टक्क्यांना ५०० अंशांच्या आसपाससुद्धा फुटायला सुरुवात व्हायलाच काही तास जातात, म्हणून भरभर थंड केलं की तो तसाच अडकून राहतो. गोची ओतकामात आहे. ओतताना मॉलिब्डेनम सगळीकडं सारखं बसत नाही, कुठं जास्त कुठं कमी, आणि कमी असलेली जागा आधी फुटते. म्हणून ९०० अंशांच्या वर बराच वेळ ठेवून आधी एकजीव करून घ्यायचं, मग रोलिंग. हे टाळून वेळ वाचवायला गेलं की पुढं रोलिंगच्या मधल्या तापवण्यात किंवा क्लॅडिंग (इंधनावरचं धातूचं आवरण) चिकटवताना कणांच्या कडेनं अल्फा दिसायला लागतो, आणि ते परत गॅमात आणायचं तर पुन्हा भट्टी पेटवा.

गंमत अशी, की अणुभट्टीत विखंडनाचा दर पुरेसा असला तर हा फुटलेला भाग परत गॅमा होऊ शकतो, कारण विखंडनाचे तुकडे अणूंना सतत ढवळत असतात.