‘गॅस मारून देऊ?’ : गाडीच्या एसीतल्या गळतीमागचा इतिहास

एप्रिल लागला की ठाण्यात वागळे इस्टेटपासून घोडबंदर रोडपर्यंतच्या गॅरेजांत एकच तक्रार ऐकू येते : एसी थंडच करत नाही. उत्तरही ठरलेलं असतं. ‘गॅस कमी झालाय, मारून देतो.’ पुढच्या एप्रिलला तीच गाडी आणि तेच उत्तर. खरं तर एसीतला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. बंद नळ्यांच्या फेऱ्यात तो फिरत राहतो. होजमधून वर्षानुवर्षं थोडासा झिरपतो हे मान्य, पण एका हंगामात एसी रिकामा झाला तर कुठेतरी गळतंय, एवढं नक्की. तरीही गळती न शोधता गॅस भरायची ही रीत पडली ती आळसामुळे असं मला वाटत नाही. गॅस स्वस्त होता आणि तो हवेत सोडला तर काही बिघडत नाही असं सगळं जग मानत होतं, त्या काळात ती पडली.

शंभर वर्षांपूर्वी घरगुती फ्रीजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड किंवा मिथाइल क्लोराइड असायचं. तिन्ही विषारी, मिथाइल क्लोराइड तर पेटणारंही. गळती म्हणजे जिवाशी खेळ. जनरल मोटर्ससाठी काम करणाऱ्या थॉमस मिजली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९२८ मध्ये यावर उत्तर शोधलं : क्लोरीन आणि फ्लोरीन असलेला, न पेटणारा, जवळजवळ वास नसलेला गॅस. १९३० साली अमेरिकन केमिकल सोसायटीच्या सभेत मिजलीने तो छातीत भरून घेतला आणि त्याच श्वासाने मेणबत्ती विझवून दाखवली. विषारी नाही आणि पेटतही नाही, दोन्ही एका फुंकरीत सिद्ध. हाच पुढे फ्रीऑन-१२, म्हणजे आर-१२. पॅकार्ड कंपनीने १९४० च्या मॉडेलमध्ये कारखान्यातूनच एसी बसवून दिला.

आपल्याकडे गाडीचा एसी ही बरीच वर्षं बाहेरून बसवून घ्यायची चैन होती. कुर्ल्यात बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीला डॅशबोर्डखाली एक पेटी टांगायची, इंजिनावर कॉम्प्रेसर चढवायचा, साध्या रबरी होजने दोन्ही जोडायचे. गळायला जागा भरपूर. सुरतेजवळ भेस्तानला नवीन फ्लोरिनचा कारखाना १९६७ मध्ये उभा राहिला, त्याचा ‘मॅफ्रॉन’ या धंद्यातल्या प्रत्येकाला तोंडपाठ. देशातच गॅस बनत होता, मग तो जपून कोण वापरणार? नळ्या साफ करायलाही कारागीर त्याचीच फुंकर मारायचे.

गळती शोधायचं त्या काळचं हत्यार मात्र नामी होतं. छोट्या गॅसबत्तीत तांब्याची तबकडी तापवायची आणि बत्तीला जोडलेली रबरी नळी एकेका सांध्याजवळून फिरवायची. नळीने आर-१२ ओढला की निळी ज्योत हिरवी व्हायची. ही करामत क्लोरीनची. उघड्या ज्योतीत हा गॅस जळला की फॉस्जीनसारखी घातक द्रव्यं तयार होतात, म्हणजे गळती शोधता शोधता माणूस विषही ओढत होता. त्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही.

मग १९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी दाखवून दिलं की आर-१२ सारख्या सीएफसी गॅसांचे हे न विरघळणारे, न तुटणारे रेणू थेट वातावरणाच्या वरच्या थरात पोचतात आणि तिथे सुटलेलं क्लोरीन ओझोन फस्त करतं. १९८५ मध्ये ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेच्या शास्त्रज्ञांनी ओझोनचं छिद्र जगापुढे आणलं, १६ सप्टेंबर १९८७ ला ओझोन वाचवण्यासाठी माँट्रियल करार झाला. भारत १९९२ मध्ये त्यात सामील झाला. २००० च्या नियमांनी १ जानेवारी २००३ नंतर नव्या उपकरणांत सीएफसी वापरायला बंदी घातली. १ ऑगस्ट २००८ पासून देशातलं सीएफसीचं उत्पादन, दम्याच्या इनहेलरचा अपवाद सोडला तर, थांबलं. मुदत २०१० ची होती, आपण आधीच मोकळे झालो.

कागदावर हे एका गॅसच्या जागी दुसरा आला इतकंच वाटतं. गॅरेजात मात्र हत्यारं आणि काम, सगळंच बदललं. आर-१२ च्या जागी आलेल्या आर-१३४ए मध्ये क्लोरीन नाही, त्यामुळे ज्योत हिरवी होईना आणि बत्ती अडगळीत गेली. जुनं मिनरल ऑइल या गॅसमध्ये विरघळत नाही. ते कॉम्प्रेसरकडे परत येत नाही आणि कॉम्प्रेसर जाम होतो. त्याऐवजी आलेलं पीएजी ऑइल हवेतली ओल अधाशासारखं शोषतं, डबा उघडा ठेवला की ते वाया गेलंच समजा. नव्या गॅसचा रेणू लहान, म्हणून होजला आतून नायलॉनचा थर आला, ओ-रिंग वेगळ्या रबराच्या झाल्या. गॅस भरायची तोंडंही मुद्दाम वेगळी केली, दोन गॅस एकमेकांत मिसळू नयेत म्हणून. ज्यांनी जुन्या गाडीत ऑइल आणि ओल शोषणारा ड्रायर तसेच ठेवून नुसता गॅस बदलला, त्यांच्याकडे पुन्हा कॉम्प्रेसरचं गिऱ्हाईक आलं.

बत्तीच्या जागी तीन-चार उपाय आले : नायट्रोजनचं प्रेशर देऊन साबणाचा फेस, इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर, ऑइलमध्ये मिसळायचा रंग आणि निळसर यूव्ही टॉर्च. यातला सगळ्यात स्वस्त उपाय डोळे. गॅससोबत ऑइल बाहेर येतं आणि त्यावर धूळ बसते, म्हणून सांध्यावर काळा चिकट डाग दिसला की तिथेच साबण लावायचा. प्रेशर देताना ऑक्सिजन कधीही नाही, तेलाशी गाठ पडली की स्फोट. साध्या हवेचा कॉम्प्रेसरही नको, कारण दाबाखाली हवेत मिसळलेला आर-१३४ए पेट घेऊ शकतो.

चकवा देते ती कूलिंग कॉइल. डॅशबोर्डच्या आत, कायम ओली, त्यात धूळ आणि सडलेला पालापाचोळा. पातळ ॲल्युमिनिअमला तिथे बारीक छिद्रं पडतात. पाम बीच रोडच्या आसपास राहणारे खाडीच्या हवेला दोष देतात, घोडबंदरवाले रस्त्याच्या कामाला. पाणी जायच्या नळीशी डिटेक्टर धरला की तो पीप-पीप करतो आणि खरी रडकथा सुरू होते.

‘दादा, कॉइल गेलीय. डॅशबोर्ड खोलावा लागेल, गाडी दिवसभर ठेवा.’

‘बाबा रे, सध्या नुसता गॅस टाक. दिवाळीनंतर बघू.’

दोष एकट्या मेकॅनिकचा नाही, तो असा.

गॅस किती राहिला हे नुसत्या गेजवरून कळतं, हाही जुन्या सवयीचाच गैरसमज. एसी बंद असताना ३० अंशांना आर-१३४ए चं प्रेशर साधारण ९७ पीएसआय असतं. आत द्रवाचा थोडासा अंश शिल्लक असेल तोवर एसी अर्धा रिकामा असो की पूर्ण भरलेला, काटा तिथेच. छोट्या गाडीत मुळात अर्धा किलोच्या आसपास गॅस मावतो, त्यात शंभर ग्रॅमची चूकसुद्धा जाणवते. म्हणून आधी उरलेला गॅस काढायचा, गळती दुरुस्त करायची, व्हॅक्यूम करून काटा खाली टिकतो का बघायचं आणि मग बॉनेटच्या स्टिकरवर लिहिलंय तेवढं वजनावर मोजून भरायचं.

‘गॅस काढायचा’ म्हणजे काय, इथेच घोडं पेंड खातं. आपल्याकडे सर्रास दिसतं ते असं : स्क्रू-ड्रायव्हरने व्हॉल्वची पिन दाबायची, फुस्स आवाज, पांढरं धुकं, तेलाचे चार शिंतोडे मडगार्डवर. तो द्रव उणे २६ अंशांना उकळतो. बोटावर पडला तर कातडी गोठते, डोळ्यात गेला तर दृष्टीवर बेततं. हवेपेक्षा जड असल्याने गॅस सर्व्हिसच्या खड्ड्यात साचतो आणि खाली काम करणाऱ्याचा प्राणवायू हटवतो. अमेरिकेने गाड्यांच्या दुरुस्तीत सीएफसी हवेत सोडायला १९९२ पासून आणि आर-१३४ए ला १९९५ पासून बंदी घातली, तिथे गॅस ओढून साठवणारं रिकव्हरी मशीन गॅरेजची गरज झाली. आपल्याकडे सीएफसी संपवण्याच्या राष्ट्रीय आराखड्यात मेकॅनिकांना प्रशिक्षण मिळालं, पण आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही म्हटल्यावर तो उडवायला हरकत नाही असा सोयीचा अर्थ निघाला. पण पृथ्वी तापवण्याचा हिशेब केला तर अर्धा किलो आर-१३४ए म्हणजे सुमारे ७१५ किलो कार्बन डायऑक्साइड.

स्वस्त सिलिंडरचा धोका २०११ मध्ये जगाला कळला. व्हिएतनाममध्ये सर्व्हिस केलेल्या काही रीफर, म्हणजे माल थंड ठेवणाऱ्या, कंटेनरचे स्फोट होऊन माणसं गेली. आपल्या न्हावा शेवाला येतात-जातात तसलेच ते कंटेनर. आर-१३४ए च्या नावाखाली भरलेल्या बनावट गॅसात मिथाइल क्लोराइड निघालं, ज्याला हद्दपार करायला मिजलीने धडपड केली होती तेच. ॲल्युमिनिअमशी त्याची क्रिया होऊन हवा लागताच पेटणारा पदार्थ बनतो, आणि गाडीच्या एसीतही ॲल्युमिनिअमच असतं. गंमत म्हणजे भेसळ ओळखायला बाहेर काढली ती तीच जुनी बत्ती. शुद्ध आर-१३४ए ला ज्योत हिरवी होत नाही, झाली तर आत क्लोरीन आहे.

युरोपने २०१७ पासून सगळ्या नव्या मोटारींत आर-१३४ए बंद केला. तिथे आता आर-१२३४वायएफ चालतो, जो थोडा का होईना पेटतो, म्हणजे मेणबत्तीची ती फुंकर इथे चालायची नाही. भारताने माँट्रियल कराराची किगाली दुरुस्ती २०२१ मध्ये मंजूर केली. २०२८ मध्ये एचएफसीचा, म्हणजे आर-१३४ए च्या कुळातल्या गॅसांचा, वापर गोठवायचा, २०३२ पासून टप्प्याटप्प्याने उतरवायचा. विजेच्या गाड्यांनी आणखी एक पथ्य आणलंय : त्यांच्या कॉम्प्रेसरची मोटर आतच असल्याने पीओई नावाचं वेगळं ऑइलच लागतं, चुकून पीएजी गेलं तर इन्सुलेशनचा भरवसा राहत नाही.

त्यातच १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. ट्रकची केबिन पुढे झुकते, होज रोज वाकतात, हादरे गाडीपेक्षा कितीतरी जास्त. वॉरंटी संपली की हे ट्रक तुर्भ्याच्या आणि कळंबोलीच्या रस्त्याकडेच्या शेडमध्ये येतील. तिथे गेज दिसतात, निळे सिलिंडर दिसतात, रिकव्हरी मशीन मला तरी अजून दिसलेलं नाही.