एचओए भयकथा

एचओए भयकथा : घरधारकांचा संघ हाच ज्यात भयाचे मूळ असतो, असा अमेरिकन भयसाहित्यातील आणि पडद्यावरील एक उपप्रकार. ‘एचओए’ हे ‘होमओनर्स असोसिएशन’चे रूढ संक्षिप्त रूप होय. ‘घरमालक संघ’ म्हटले की मराठी वाचकापुढे भाडेकरूंविरुद्ध एकवटलेले मालक उभे राहतात आणि ‘सोसायटी’ म्हटले की सहकार कायद्याखालची संस्था. दोन्ही अर्थ इथे दिशाभूल करतात, म्हणून या नोंदीत मूळ संक्षेपच ठेवला आहे. कथेचे स्थळ बहुधा फाटक, पहारेकरी आणि एकसारखी घरे असलेली उपनगरी वसाहत असते. मात्र फाटक हे या प्रकाराचे लक्षण नव्हे. लक्षण आहे तो कागद.

कायदेशीर पाया : पहिला भूखंड विकण्याआधी विकासक वसाहतीचे घोषणापत्र काउंटीच्या दस्त नोंदणी कार्यालयात नोंदवतो. अमेरिकेत त्याला बोलताना ‘सीसी अँड आर्स’ (‘कव्हेनंट्स, कंडिशन्स अँड रिस्ट्रिक्शन्स’, म्हणजे करार, अटी व बंधने) म्हणतात. भिंतींचे रंग, कुंपणाची उंची, वाहने कुठे लावायची, जनावरे पाळायची की नाही आणि वार्षिक वर्गणी किती, हे त्यात असते. त्यानंतरच्या प्रत्येक खरेदीदारावर ही बंधने लागू होतात, त्याच्या खरेदीखतात ती पुन्हा लिहिली असोत वा नसोत. बंधन माणसाला चिकटत नाही, जमिनीला चिकटते. सातबाऱ्यावरचा बोजा ज्याला ठाऊक आहे त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

या तत्त्वाचा इंग्लंडमधला दाखला म्हणून १८४८ चा टल्क विरुद्ध मॉक्सहे हा निकाल दिला जातो. लंडनच्या लेस्टर चौकातली बाग मोकळी ठेवण्याची अट नंतरच्या खरेदीदाराच्या खतात नव्हती. तरीही ती त्याला माहीत होती, एवढ्यावरच न्यायालयाने त्याला बांधले. अमेरिकेत वर्गणीच्या बाबतीत निर्णायक ठरला तो न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयाचा १९३८ चा नेपॉन्सिट निकाल. क्वीन्समधल्या किनाऱ्यालगतच्या या वसाहतीत रस्ते, उद्याने व किनारा यांच्या देखभालीसाठी २० × १०० फुटांच्या प्रत्येक भूखंडामागे वर्षाला ४ डॉलरपर्यंत आकारणी ठरलेली होती. भूखंड न्यायालयीन विक्रीतून एका बँकेकडे आला. बँकेने संघाशी कसलाही करार केलेला नव्हता आणि संघाच्या मालकीची तिथे जमीनही नव्हती. तरी पैसे देण्याचे बंधन जमिनीबरोबर आले आणि ते वसूल करण्याचा हक्क संघाला मिळाला. ज्याने सही केली नाही तोही बांधला जातो, हे सूत्र भयकथेने पुढे जसेच्या तसे उचलले. सैतानाशी करार करणाऱ्या जुन्या नायकाला निदान सौदा ठाऊक असे. इथे सौदा आधीच्या मालकाने केलेला असतो, आणि वर्गणी मात्र नव्याकडून घेतात.

कागदांची उतरंडही लक्षात घ्यावी लागते. सर्वांत वर राज्याचा कायदा, त्याखाली घोषणापत्र, मग संस्थापनपत्र, मग उपविधी आणि तळाशी संघाच्या संचालक मंडळाने केलेले नियम. मंडळ बहुधा ३, ५ किंवा ७ बिनपगारी सदस्यांचे असते. तळाचे नियम ते स्वतः बदलू शकते, पण घोषणापत्र बदलायला सर्वसाधारणपणे दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश घरधारकांची मते लागतात. घोषणापत्राची मुदत अनेकदा २० ते ३० वर्षांची असते आणि कोणी विरोध नोंदवला नाही तर ते दर १० वर्षांनी आपोआप वाढते. ठरावीक प्रमाणात भूखंड विकले जाईपर्यंत मंडळावर विकासकाचे नियंत्रण असते. या शेवटच्या दोन तरतुदींत भयकथेला केवढी जागा आहे, पण तिचा उपयोग फार थोड्यांनी केला आहे. शेवटचा भूखंड मुद्दाम न विकणारा विकासक हे पात्र अजून पुरेसे वापरले गेलेले नाही.

वसुलीच्या पायऱ्या ठरलेल्या असतात : व्यवस्थापकाची गाडीतून पाहणी, स्मरणपत्र, उल्लंघनाची नोटीस व दुरुस्तीसाठी मुदत, सुनावणी, दंड, घरावर बोजा आणि अखेर लिलाव. तपशील राज्यागणिक बदलतात. कॅलिफोर्नियात १९८५ च्या डेव्हिस-स्टर्लिंग कायद्याखाली सुनावणीची नोटीस किमान १० दिवस आधी द्यावी लागते. थकीत वर्गणी १,८०० डॉलरपेक्षा कमी आणि १२ महिन्यांपेक्षा अलीकडची असेल तर घर लिलावात काढता येत नाही. २०२५ पासून आरोग्य व सुरक्षिततेचा प्रश्न नसलेल्या उल्लंघनांवरचा दंड सर्वसाधारणपणे १०० डॉलरवर रोखला आहे. त्यामुळे समकालीन कॅलिफोर्नियात घडणाऱ्या कथेत हिरवळ वाढली म्हणून हजारो डॉलरचा दंड दाखवणे आता चालत नाही.

उगमाचा प्रश्न : एचओए ही संस्था या कथांपेक्षा बरीच जुनी आहे. बॉस्टनमधील लुईसबर्ग चौकातल्या रहिवाशांचा १८४४ चा करार हा तिचा पहिला नमुना असल्याचे अनेक ठिकाणी म्हटले जाते. काही अभ्यासक आजच्या स्वरूपाची सुरुवात न्यू जर्सीतल्या रॅडबर्नपासून (१९२९) मानतात, आणि तेच अधिक सयुक्तिक वाटते, कारण नोंदवलेली बंधने, सक्तीची वर्गणी व नियुक्त मंडळ हे तिन्ही घटक तिथे एकत्र दिसतात. सार्वत्रिक प्रसार मात्र १९६० नंतरचा. केंद्रीय गृहनिर्माण प्रशासनाने गृहकर्जाच्या हमीसाठी अशा संघांना उत्तेजन दिले, आणि १९६४ मध्ये अर्बन लँड इन्स्टिट्यूटची त्यावरची हस्तपुस्तिका निघाली.

भयकथेचा आरंभ कुठे धरायचा, याविषयी एकमत नाही. शर्ली जॅक्सन यांची ‘द रोड थ्रू द वॉल’ ही पहिली कादंबरी १९४८ ची. तिच्यात कॅलिफोर्नियातला एक सभ्य रस्ता आणि शेजारच्या इस्टेटीची भिंत आहे, पण संघ नाही. त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शेली विरुद्ध क्रेमर खटल्यात वंशभेदी बंधने न्यायालयामार्फत अमलात आणता येणार नाहीत असा निकाल दिला. हा योगायोग टिपणाऱ्यांनी त्यातून फार काही काढू नये. आयरा लेव्हिन यांच्या ‘द स्टेपफर्ड वाइव्ह्ज’मध्ये (१९७२) संघ आहे, पण तो पुरुषांचा क्लब आहे. त्याची सत्ता घरावर नाही, घरातल्या बाईवर आहे, आणि कनेक्टिकटमधल्या त्या गावाला फाटकही नाही. तरीही हसरे शेजारी, नवे कुटुंब आणि बदललेली माणसे हा सांगाडा तिथूनच आला, हे बहुतेक मान्य करतात. ‘पोल्टरगाइस्ट’ (१९८२) या चित्रपटातली नियोजित वसाहत दफनभूमीवर उभी आहे. तिथे दोष बिल्डरचा आहे, शेजाऱ्यांचा नाही, म्हणून ती कृती सीमेवरची ठरते.

नियमपुस्तिका हेच कथानकाचे यंत्र असलेली आणि सर्वाधिक उद्धृत होणारी कृती म्हणजे ‘द एक्स-फाइल्स’ मालिकेच्या सहाव्या पर्वातला ‘आर्केडिया’ हा भाग (७ मार्च १९९९). उपप्रकाराला आजचा आकार इथून आला, असे मानणे सर्वांत कमी अडचणीचे आहे.

‘आर्केडिया’ व तुल्पा : मल्डर आणि स्कली हे तपास अधिकारी नवरा-बायको म्हणून कॅलिफोर्नियातल्या एका नियोजित वसाहतीत राहायला येतात. सहा वाजायच्या आत सामान घरात गेले पाहिजे, म्हणून शेजारी घाबऱ्याघाबऱ्या खोकी उचलू लागतात. मैत्री आणि भीती एकाच हालचालीत दाखवणारा हा प्रसंग या प्रकारातला बहुधा सर्वोत्तम आरंभ आहे. पुढे मल्डर मुद्दाम नियम मोडतो : हिरवळीवर प्लास्टिकचा फ्लेमिंगो ठेवतो, टपालपेटी वाकवतो, बास्केटबॉलची जाळी आणतो. वसाहत कचरा टाकण्याच्या जागेवर उभी असते, आणि त्या कचऱ्यातून उठणारा प्राणी नियम मोडणाऱ्यांना नेतो. तो संघाच्या अध्यक्षाने मनोबळाने घडवलेला ‘तुल्पा’ असतो. शेवटी तो अध्यक्षालाही सोडत नाही. रहिवासी मात्र नंतरही तोंड उघडत नाहीत.

तुल्पाविषयी थोडे अधिक सांगायला हवे, कारण त्याला ‘प्राचीन तिबेटी राक्षस’ म्हणण्याची प्रथा पडली आहे. हा शब्द पाश्चात्त्य वाचकांपर्यंत पोचवला तो आलेक्सांद्रा दाविद-नील यांच्या १९२९ च्या तिबेटवरील फ्रेंच पुस्तकाने. मूळ बौद्ध कल्पना निर्माणकायेशी, म्हणजे बुद्धाच्या प्रकट देहाशी संबंधित आहे. तिच्यात हातातून निसटणारा प्राणी नाही. विचाराला स्वतंत्र आकार येतो ही कल्पना थिऑसॉफी या गूढवादी पंथाची आहे. ॲनी बेझंट व लेडबीटर यांचे ‘थॉट-फॉर्म्स’ हे पुस्तक १९०५ चे (काही सूचींत येणारे १९०१ हे साल आता चुकीचे मानले जाते). आजचा तुल्पा ल्हासापेक्षा अड्यारकडून, म्हणजे थिऑसॉफिकल सोसायटीच्या मद्रासमधील मुख्यालयाकडून, अधिक आला, हे मिकल्स व लेकॉक या अभ्यासकांचे २०१५ चे प्रतिपादन पटण्याजोगे आहे. कॅलिफोर्नियातल्या कचऱ्याच्या राक्षसाचे एक मूळ असे मद्रासपर्यंत येते.

इतर कृती : बेंटले लिटल यांची ‘द असोसिएशन’ (२००१) ही कादंबरी या विषयावरची ठळक कृती होय. कॅलिफोर्नियातून युटातल्या एका फाटकबंद वसाहतीत आलेले जोडपे तिच्यात आहे, आणि नवरा स्वतःच भयकथालेखक आहे. ‘देम’ (२०२१) या मालिकेच्या पहिल्या पर्वात १९५० च्या दशकातल्या कॉम्प्टनमध्ये घर घेणारे कृष्णवर्णीय कुटुंब आहे. खरेदीच्या कागदांतले वंशभेदी बंधन ‘आता लागू होत नाही’ असे त्यांना सांगितले जाते, पण कागदावर ते तसेच असते. शेली निकालाने त्या बंधनांची अंमलबजावणी थांबवली होती, नोंद पुसली नव्हती, हे लक्षात घेतले तर हे चित्रण कायद्याला धरून आहे. ‘वनबीआर’ (२०१९) हा चित्रपट नेहमी याच यादीत घातला जातो. त्यातली नायिका चोरून मांजर आणणारी भाडेकरू आहे, जमिनीबरोबर आलेले बंधन तिच्यावर नाही, म्हणून काटेकोर अर्थाने तो या प्रकारात बसत नाही. मेक्सिकोतला ‘ला सोना’ (२००७) हा चित्रपट आणि जे. जी. बॅलर्ड यांची ‘रनिंग वाइल्ड’ (१९८८) ही लघुकादंबरी या शेजारच्या शाखा आहेत. दुसरीत इंग्लंडमधल्या बंदिस्त वसाहतीतले ३२ प्रौढ मारले जातात आणि १३ मुले बेपत्ता होतात. तिथे भय नियमांचे नाही, सुरक्षिततेचे आहे.

रचना आणि चुका : कथा खरेदीपासून सुरू होते, फाटकापासून नव्हे. स्वागताची टोपली आणि नियमांची जाड फाइल एकाच हातातून येतात. पहिले उल्लंघन क्षुल्लक असावे लागते : कचऱ्याचा डबा आदल्या दुपारी बाहेर काढला, टपालपेटीचा रंग एका छटेने चुकला. उल्लंघन जेवढे लहान आणि शिक्षा जेवढी नियमानुसार, तेवढी भीती टिकते. अध्यक्षाला वेडा खुनी केले की ती संपते, कारण मग पोलीस बोलावता येतात. राक्षस असलाच तर त्याने कलमाची अंमलबजावणी करावी. ‘आर्केडिया’ टिकते ती याच बळावर. शेवट बहुधा दोनच : नायक पळून जातो आणि घर पुन्हा विक्रीला लागते, किंवा तोच मंडळावर निवडून येतो. दुसरा अधिक भीषण असतो आणि अधिक खरा. मंडळावर यायला कोणी तयार नसते आणि गणपूर्तीसाठी प्रॉक्सी (गैरहजर सदस्यांची मताधिकारपत्रे) गोळा कराव्या लागतात, ही एचओएची रोजची रड आहे.

तांत्रिक चुका नेहमी त्याच त्या आढळतात. अध्यक्ष एकट्याने घोषणापत्र बदलतो. संघ मालकाला थेट ‘हाकलून’ देतो, वास्तविक लिलावाशिवाय मालकी जात नाही. १ मीटरपर्यंतच्या डिश अँटेनावर बंदी दाखवली जाते, पण स्वतःच्या ताब्यातल्या जागेत ती लावण्यास बंदी घालणे १९९६ च्या केंद्रीय नियमाने अशक्य केले आहे. राष्ट्रध्वजाबाबतही २००५ च्या कायद्याने तसेच झाले. उलट मांजरांवरची बंदी विनोदी वाटते, पण ती खरी आहे. १९९४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ५३० सदनिकांच्या एका संकुलातली अशी बंदी वैध ठरवली. बंधन वाजवी आहे की नाही हे त्या एका घरापुरते न पाहता संपूर्ण वसाहतीच्या संदर्भात पाहायचे, असा तो निकाल होता, आणि तक्रार करणारीची मांजरे घरातच राहतात हा युक्तिवाद टिकला नाही. नंतर विधिमंडळाने २००१ पासूनच्या घोषणापत्रांपुरती एका पाळीव प्राण्याची मुभा दिली.

महाराष्ट्रातील संदर्भ : मराठी भयकथेने वाडा, विहीर आणि एकाकी बंगला यांवर अधिक भर दिला. फाटकबंद संकुले पुण्या-मुंबईत भरपूर असली तरी सत्तेची रचना वेगळी आहे. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखालच्या गृहनिर्माण संस्थेच्या डोक्यावर उपनिबंधक असतो. थकबाकीवर लावायच्या व्याजाला मर्यादा असते आणि वसुलीसाठी निबंधकाचा दाखला काढावा लागतो. तक्रारअर्ज घेऊन जायला खिडकी असली की भयाचे रूपांतर साध्या वादात होते. अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांचा संबंध मात्र थेट एचओएशी येतो. टेक्सासने २०११ मध्ये दारावरची धार्मिक चिन्हे लावण्याचा हक्क घरधारकांना दिला, पण २५ चौरस इंचांच्या मर्यादेत. आंब्याच्या पानांचे तोरण त्यात मावत नसे. ही मर्यादा २०२१ मध्ये काढून टाकण्यात आली.