मद्यासक्ती, मनोदशा विकार आणि स्मृतिभ्रंश यांचे साथरोगशास्त्र (पुणे परिसर)

मद्यासक्ती, नैराश्य व द्विध्रुवी विकारासारखे (ज्यात अति उत्साह आणि खोल उदासी आलटून पालटून येतात) मनोदशा विकार आणि उतारवयातील बौद्धिक ऱ्हास म्हणजे स्मृतिभ्रंश समाजात किती जणांना, कोणत्या वयात होतात आणि एकमेकांत कसे गुंततात, याचा अभ्यास. तिन्हींची मोजदाद वेगळी होते आणि उपचारांची ठिकाणेही वेगळी असतात. माणूस मात्र पुष्कळदा एकच असतो.

पुण्यात या विकारांवर काम करणाऱ्या संस्था जुन्या आहेत. येरवड्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय राज्यातील सर्वांत मोठ्या मनोरुग्णालयांपैकी एक. त्याच्याच आवारात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 मध्ये मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांची त्यांना मदत होती. मात्र अशा ठिकाणच्या नोंदींवरून समाजातले प्रमाण काढता येत नाही. नोकरी जायची वेळ आली की बायको किंवा आई माणसाला व्यसनमुक्ती केंद्रात आणते. नैराश्य आलेली गृहिणी डोकेदुखी, अंगदुखी, झोप न येणे अशा तक्रारी घेऊन फॅमिली डॉक्टरकडेच फिरत राहते. आजोबांचा विसराळूपणा तर ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून घरातच राहतो. रुग्णालयात दिसतो तो या तीन वाटांनी गाळून आलेला समाज.

म्हणून घरोघरी जाऊन केलेल्या पाहणीला महत्त्व. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुण्यातील एका पाहणीत सुमारे 3,000 प्रौढांच्या आंतरराष्ट्रीय प्रश्नावलीनुसार मुलाखती झाल्या. आयुष्यात कधीतरी मानसिक विकार झालेल्यांचे प्रमाण त्यात 5.03 टक्के निघाले, नैराश्याचे 3.14 आणि व्यसनांशी निगडित विकारांचे 1.39 टक्के. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात एकट्या नैराश्याचेच आयुष्यभराचे प्रमाण सुमारे 5.2 टक्के आणि मद्यविकारांचे त्या वेळचे प्रमाण 4.6 टक्के भरले. त्या सर्वेक्षणातील 12 राज्यांत महाराष्ट्र नव्हता, त्यामुळे दोन्ही आकडे शेजारी ठेवून पुणेकर अधिक निरोगी ठरवणे घाईचे होईल. दोन खोल्यांच्या घरात सासू पलीकडेच बसलेली असताना ‘कधी जगणे नकोसे वाटले का?’ या प्रश्नाला मिळणारे उत्तर जपूनच घ्यावे लागते.

दारूच्या बाबतीत कायद्याचीही अडचण आहे. 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार महाराष्ट्रात दारू पिण्यासाठी कागदोपत्री परवाना लागतो. परमिट रूममध्ये बसणाऱ्या किती जणांकडे तो असतो, हे सर्वांना ठाऊक आहे. पण वही घेऊन दारात उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला खरे सांगायला लोक बिचकतात, स्त्रिया तर अधिकच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) राज्यातील सुमारे 14 टक्के पुरुषांनी दारू घेत असल्याचे सांगितले. स्त्रियांचे प्रमाण अर्धा टक्काही नव्हते.

मद्यासक्ती आणि नैराश्य यांत आधी कोण, हा जुना वाद आहे. सतत पिण्याने मन खचते, तसेच खचलेले मन दारूकडे वळते. पिणे थांबल्यावर दोन ते चार आठवड्यांत बऱ्याच जणांची उदासी ओसरते. त्यामुळे दाखल झाल्या दिवशीच नैराश्याची गणना केली तर आकडा फुगतो. द्विध्रुवी विकाराशी असलेला संबंध अधिक घट्ट आहे. 1980 च्या दशकातील एका मोठ्या अमेरिकी सर्वेक्षणात या विकाराच्या तीव्र प्रकारातील सुमारे 46 टक्के लोकांना कधी ना कधी मद्यविकार झालेला आढळला.

दारूमुळे मेंदूला इजा होण्याचा सर्वांत स्पष्ट मार्ग थायमिनच्या (बी-1 जीवनसत्त्वाच्या) अभावातून जातो. पिणाऱ्याचे जेवण तुटते, आतड्यातील शोषण घटते आणि वेर्निके-कोर्साकोफ विकार उद्भवतो. त्यात नवी आठवण साठवली जात नाही आणि रिकाम्या जागा माणूस बनावट तपशिलांनी भरतो. वेळीच थायमिन टोचले तर हे टळू शकते. थोडी दारू मेंदूला चांगली, हा समज मात्र तपासून घ्यावा. लंडनच्या सरकारी कर्मचाऱ्यांवरील व्हाइटहॉल-2 अभ्यासात अजिबात न पिणाऱ्यांतही स्मृतिभ्रंश जास्त दिसला. पण न पिणाऱ्यांत आजारपणामुळे सोडलेलेही मोजले जातात, आणि त्या गटातील जादा धोक्याचा काही भाग हृदयविकार व मधुमेहाशी निगडित होता. याच अभ्यासात असेही दिसले, की मध्यमवयातील नैराश्याचा पुढच्या स्मृतिभ्रंशाशी ठळक संबंध नाही. निदानाआधीच्या दहाएक वर्षांत मात्र उदासीची लक्षणे वाढत जातात. अशा वेळी ती कारण नसून आजाराची चाहूल असू शकते.

भारतीय आकड्यांत आणखी एक पेच आहे. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार देशातील साठीपुढच्या 7.4 टक्के लोकांना, म्हणजे सुमारे 88 लाख जणांना, स्मृतिभ्रंश आहे. स्त्रियांत आणि खेड्यांत तो जास्त. दारू जवळजवळ न पिणाऱ्या स्त्रियांतच प्रमाण अधिक, म्हणजे आपल्याकडे दारूला मुख्य दोषी ठरवता येत नाही. शाळेचे तोंडही न पाहिलेली पिढी हे कारण अधिक पटते. पण शिक्षणामुळे स्मृतीची चाचणीही वाकडी होते. मावळातली आजी इंग्रजी तारीख चुकेल, एकादशी चुकणार नाही. निरक्षर वृद्धांना लिहिण्या-वाचण्याचे प्रश्न टाळून तपासता यावे म्हणून हरियाणातील बल्लभगड येथे 1990 च्या दशकात हिंदी चाचणी घडवली गेली.

तरुणपणीची दारू, मधल्या वयातील उदासी आणि म्हातारपणचा विसर हे एकाच माणसात पाहायचे तर वीस-पंचवीस वर्षे पाठपुरावा हवा. शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक भागात पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे संशोधन केंद्र 2002 पासून गावोगावच्या जन्म, मृत्यू आणि स्थलांतराची नोंद ठेवते. पन्नाशीपुढच्या लोकांच्या आरोग्याची आंतरराष्ट्रीय पाहणीही तेथे झाली आहे. असा पाठपुरावा शहरात अवघड. हिंजवडी-चाकणचा भाडेकरू अकरा महिन्यांच्या करारावर राहतो आणि पुढच्या फेरीला त्या दारावर दुसरेच नाव असते.